एका लाखाच्या अटी आणि लिटरभर डबा

यंत्राविषयीचं उत्तम गद्य म्हणून मी 1929 सालचा एक मसुदा पुन्हा पुन्हा वाचतो. अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्याला एक लाखाचं बक्षीस लावलं, त्याच्या या अटी. वर्ध्याच्या मगनवाडीत, गांधीजींनी 1938 मध्ये उघडलेल्या मगन संग्रहालयात चरख्यांचे नमुने पाहताना तर त्या हटकून आठवतात.

चरखा हलका हवा, उचलून नेता यावा, खेड्यातल्या साध्या घरात हाताने किंवा पायाने चालावा. बाईने फारसं न दमता आठ तास चालवावा आणि तेवढ्यात 12 ते 20 नंबरचं 16,000 वार सूत निघावं. तो भारतात बनावा, किंमत 150 रुपयांच्या आत असावी. वीस वर्षं चालावा आणि देखभालीचा खर्च सालाला किमतीच्या पाच टक्क्यांवर जाऊ नये.

यात विशेषणं फारशी मोकळी सोडलेली नाहीत. ‘स्वस्त’चे 150 रुपये झाले, ‘टिकाऊ’ची वीस वर्षं. आधी घर आणि माणसाचं अंग, मग पैसा, हा क्रमही पाहण्यासारखा. पण खरी बहार शेवटच्या अटीत आहे. विकत घेण्याची किंमत आणि बाळगण्याची किंमत तिने वेगळी काढली. बक्षीस कुणालाच मिळालं नाही, हेही आलंच.

आता टेबलावरचे छोटे कॉम्प्युटर याच अटींनी वाचू. डीटीपीवाल्याला किंवा लहान संस्थेच्या कचेरीला निवड बहुधा दोहोंत करायची असते: नवा मॅक मिनी, की लेनोवोचा वापरलेला थिंकसेंटर टायनी.

मॅक मिनीच्या आवृत्त्या ओळीने वाचाव्यात. 2010 च्या मॉडेलला तळाशी गोल झाकण होतं. हाताने फिरवलं की रॅम समोर. 2014 मध्ये रॅम बोर्डावर झाळून टाकली. 2018 मध्ये स्लॉट परतले, पण तिथवर पोचायला बरंच खोलावं लागे. 2020 पासून रॅम चिपच्याच पोटात. 2024 चा एम-फोर मिनी पाच इंची चौरस, जवळजवळ बिनआवाजी, वेगवान, आणि रिकामा असताना जेमतेम चार-पाच वॅट वीज खाणारा. विदर्भातल्या मे महिन्यात हा गुण लहान नाही! भारतात तो 16 जीबी रॅमसह 59,900 रुपयांना आला. पाच टक्के म्हणजे सालाचे 2,995. पण 16 ची रॅम 24 करून घ्यायला तेव्हा 20,000 जादा, तेही खरेदीच्या वेळीच. सहा वर्षांहून अधिक देखभालीची रक्कम आठ जीबीपायी गेली.

टायनीचं, उदाहरणार्थ 2018 च्या एम-720-क्यूचं, गद्य रुक्ष आहे. काळा, साधारण एक लिटरचा डबा. मागचा स्क्रू काढला की झाकण सरकतं. आत रॅमचे दोन स्लॉट, एम-डॉट-टू एसएसडीची जागा, शिवाय अडीच इंची ड्राइव्हची. प्रोसेसरसुद्धा सॉकेटात. आज 8 जीबीवर भागवावं, काम वाढलं की दुसरी पट्टी बसवावी. ज्यांच्याकडे पैसा हप्त्याहप्त्याने येतो त्यांच्यासाठी लिहिलेलं हे यंत्र आहे, आणि मला तेच अधिक रसाळ वाटतं. चित्रफितींचं संपादन पोटापाण्याचं असेल तर मात्र बेलाशक मॅक घ्यावा. वीज गेली की दोघेही क्षणात बंद. यूपीएसचा खर्च धरायचाच.

वीस वर्षांच्या अटीपाशी टायनीही अडखळतो. विंडोज 10 चा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. विंडोज 11 च्या यादीत इंटेलचे मुख्यतः आठव्या पिढीपासूनचेच प्रोसेसर. म्हणून जुन्या बाजारात स्वस्तात दिसणारा सहाव्या पिढीचा डबा उघडायला कितीही सोपा असला तरी आधी विचारावं: काम कशात आहे? युनिकोड मराठी आणि ब्राउझरवर भागत असेल तर लिनक्स टाकून तो मजेत चालेल. जुन्या फॉन्टांतल्या फायली आणि विंडोजवरचं पेजमेकर असेल, तर चार पैसे जास्त मोजून आठवी पिढीच घ्यावी.