चांद्याचा ‘कट’ आणि १८१७ चें युद्ध : एका कारणमीमांसेचें परीक्षण

१८१७-१८ च्या इंग्रज-मराठे युद्धाचीं कारणें सांगतांना नागपूरच्या बाजूचें एक कारण हटकून पुढें केलें जातें. तें म्हणजे आप्पासाहेब भोसल्यांचा विश्वासघात. दुसऱ्या बाजीरावास चांद्याकडे बोलावून स्वतः त्या किल्ल्यांत पळून जाण्याचा त्यांचा बेत होता, हा त्या विश्वासघाताचा ठळक पुरावा म्हणून दाखविण्यांत येतो. चांदा म्हणजे आजचें चंद्रपूर. या आरोपाचें मोल काय, तें येथें तपासावयाचें आहे.

प्रथम तारखा पाहाव्या. खडकीची लढाई ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं झाली. २४ नोव्हेंबरास आप्पासाहेबांनीं पेशव्यांकडून आलेलीं सेनापतिपदाचीं वस्त्रें स्वीकारलीं, २६ व २७ नोव्हेंबरास सीताबर्डीची लढाई झाली, आणि १६ डिसेंबरास नागपूरच्या फौजेचा मोड झाला. चांद्याच्या मसलतीवरून आप्पासाहेबांस कैद केलें तें १५ मार्च १८१८ रोजीं. म्हणजे ही मसलत खरी धरली तरी ती युद्ध पेटल्यानंतर चार महिन्यांनीं उघडकीस आली. तीस पदच्युतीचें कारण म्हणतां येईल. युद्धाचें कारण म्हणतां येणार नाहीं. परिणामास कारणाच्या जागीं बसविण्याची ही चूक लहान नाहीं.

परसोजी भोसल्यांच्या मृत्यूविषयींहि हाच प्रकार दिसतो. १ फेब्रुवारी १८१७ रोजीं परसोजी मृतावस्थेंत आढळले. त्या वेळीं आप्पासाहेब चांद्याकडे गेलेले होते. पुढें त्यांस गादी मिळाली व इंग्रजांनीं ती मान्य केली. खुनाचा आरोप जोरानें मांडला गेला तो युद्धानंतर. खून झालाच नाहीं, असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु मैत्री असेपर्यंत मिटलेले डोळे वैर होतांच उघडले, ही गोष्ट पुराव्याची किंमत ठरवितांना विसरतां येत नाहीं.

आतां साक्षीदार कोण, तें पाहूं. प्रिन्सेप हे हेस्टिंग्ज यांच्या सरकारांतील अधिकारी. ब्लॅकर हे त्याच युद्धांतील लष्करी अंमलदार. ग्रँट डफ हे एल्फिन्स्टन यांच्या हाताखालचे. जेंकिन्स तर नागपूरचे रेसिडेंट, म्हणजे फिर्यादी तेच, चौकशी करणारे तेच, आणि पदच्युतीनंतर राज्याचा कारभार पाहणारेहि तेच. तो कारभार १८३० पर्यंत रेसिडेंटांच्याच हातीं राहिला. मराठी साधन म्हणून काशीराव राजेश्वर गुप्ते यांची भोसल्यांची बखर पुढें करावी, तर तीहि जेंकिन्स यांच्या सांगण्यावरून लिहिलेली. पांच साक्षी एकाच बाजूच्या असल्या म्हणजे त्या पांच होत नाहींत. त्या खोट्या असतीलच असें नाहीं. पण त्यांची एकवाक्यता हा स्वतंत्र पुरावा नव्हे.

मग खरें कारण कोठें शोधावें? आमच्या मतें तें १८१६ च्या मे महिन्यांतील तैनाती फौजेच्या तहांत आहे. १८०३ च्या देवगांवच्या तहानें कटक आणि वर्धेच्या पश्चिमेकडील वऱ्हाड आधींच गेलें होतें. आतां सालीना साडेसात लाख रुपये फौजेच्या खर्चास द्यावे, शिवाय तीन हजार स्वार व दोन हजार पायदळ सज्ज ठेवावें, आणि इंग्रजांच्या संमतीवांचून कोणत्याहि दरबाराशीं बोलणें करूं नये, असें ठरलें. पुढें १३ जून १८१७ च्या पुण्याच्या तहानें मराठी संघावरील आपलें आधिपत्य सोडल्याचें पेशव्यांकडून लिहून घेण्यांत आलें. या दोन तहांनंतर, पिढ्यान् पिढ्या चालत आलेला वस्त्रें स्वीकारण्याचा साधा दरबारी विधि हाच तहभंग ठरला. एका साम्राज्याची घटना दुसऱ्यानें कागदावर मोडली; ती प्रत्यक्षांत मोडतांना युद्ध झालें.

याचा अर्थ आप्पासाहेब निर्दोष होते, असा मात्र कोणी करूं नये. त्यांस केवळ स्वातंत्र्यवीर ठरविणारें लिखाणहि तितकेंच एकांगी आहे. १८१६ चा तह त्यांनीं स्वतःच केला. आणि तो प्रजेच्या रक्षणासाठीं नव्हे, तर धर्माजी भोसले व बाकाबाई यांच्या पक्षावर मात करून कारभार हातीं घ्यावा म्हणून. परक्या फौजेच्या आधारानें मिळविलेली सत्ता त्या फौजेविरुद्ध टिकविणें अशक्य होतें, हें त्यांस उशिरां कळलें.

आणि चांदा? वर्धा ही सरहद्द झाल्यापासून तो नागपूर राज्याचा पश्चिमेकडील महत्त्वाचा किल्ला ठरला होता. एका अंगास इरई, दुसऱ्या अंगास झरपट, आणि पूर्वेस वैरागड-अहेरीचें, म्हणजे हल्लींच्या गडचिरोली जिल्ह्याचें, अरण्य. पराभूत राजानें अशा स्थळाकडे पाहावें यांत नवल नाहीं. परंतु १७ एप्रिल १८१८ रोजीं शिवणी येथें अ‍ॅडम्स यांनीं बाजीरावांचा मोड केला, १३ मे रोजीं आप्पासाहेब इंग्रजांच्या पहाऱ्यांतून निसटले ते दुसरीकडेच, आणि २० मे रोजीं चांदा हल्ला करून घेतला गेला तेव्हां तेथें राजा नव्हता व पेशवाहि नव्हता. होता तो किल्लेदार गंगासिंग. तो लढतां लढतां पडला. ज्या मसलतीसाठीं चांद्यावर तोफा आणल्या, तिचे दोन्ही कर्ते तेथें कधीं पोहोंचलेच नाहींत.

नागपूर रेसिडेन्सीचे निवडक कागद आतां छापून प्रसिद्ध आहेत. ते वाचणारानें प्रत्येक आरोपाशेजारीं त्याची तारीख व आरोप करणाराचें हित, हीं दोन टिपणें जरूर मांडावीं. तसें केल्यास चांद्याचें नांव युद्धाच्या कारणांतून निघून त्याच्या परिणामांत जाईल. आणि त्याची खरी जागा तीच आहे.