उलटा धबधबा, सुलटा कॅमेरा

भर पावसाळ्यात नाणेघाटात उभं राहिलं की कड्यावरून सुटलेलं पाणी दरीतून येणारा वारा उचलतो आणि पुन्हा आपल्याच तोंडावर भिरकावतो. हाच उलटा धबधबा मोबाइलवर पाहताना मात्र काहीच वाटत नाही. ड्रोनची झेप, संथ केलेली गती, निळसर-शेवाळी रंग, वर बासरी. एवढी कारागिरी झाली की पाणी खरंच वर चाललंय की चित्रफीत उलटी फिरवलीय, अशी शंका येते. निसर्गाने आयती दिलेली जादू आपणच हातचलाखी करून टाकतो. सध्या सह्याद्रीचं जे उदंड चित्रीकरण चाललंय, त्यातली गोम ही आहे.

वास्तवाला कॅमेऱ्याने अद्भुत करण्याची हौस आपल्याकडे जुनीच. 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी, १९१२ मध्ये, फाळक्यांनी वाटाणा रुजवून त्याची वाढ रोज थोडी थोडी टिपली. पडद्यावर अंकुराचा बघता बघता वेल झाला. युक्ती होतीच, पण चाल वाटाण्याचीच होती.

रंगांचा खेळ त्यामानाने अलीकडचा. छायालेखक रॉजर डीकिन्स यांनी २००० सालच्या 'ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?'साठी मिसिसिपीची हिरवीगार झाडी संगणकावर वाळक्या पिवळ्या रंगाची केली. त्या कामाला कित्येक आठवडे लागले होते. आता तयार फिल्टर एका टिचकीत लागतो, म्हणून कास पठार आणि आइसलँड एकाच घाण्यातून काढल्यासारखे दिसतात. कृत्रिमतेचं मला वावडं नाही. 'मॅड मॅक्स: फ्युरी रोड'मधली (२०१५) निळी रात्र नामिबियात भर दिवसा, मुद्दाम जास्त उजेड घेऊन टिपलेली आहे. ती रात्र खोटी आहे हे कळतं, तरी पटते, कारण चिखलात रुतलेला अजस्र ट्रक खरा आहे.

जपानी दिग्दर्शक कुरोसावाच्या 'थ्रोन ऑफ ब्लड'चं (१९५७) बरंचसं बाह्यचित्रण फुजी पर्वताच्या उतारावर झालं. तिथलं धुकं हवं होतं आणि ज्वालामुखीची काळी मातीही. त्यात दोन सरदारांना चकवा लागतो. घोडे धुक्यातून येतात, थबकतात, वळतात, नाहीसे होतात. पुन्हा तेच. पुन्हा. दुसऱ्या कुणा संकलकाने दोन फेऱ्यांत आटोपलं असतं. इथे आपण कंटाळ्याच्या काठापर्यंत येतो आणि मग बिचकतो. वरून ड्रोनने पाहिलं असतं तर वाट दिसली असती आणि चकव्याचा प्रश्नच मिटला असता.

आपल्याकडे हे वर्म 'तुंबाड'ने (२०१८) ओळखलं. दिग्दर्शक राही अनिल बर्वे आणि छायालेखक पंकज कुमार यांनी खऱ्या पावसासाठी एकाहून अधिक पावसाळे खर्ची घातले. सलग ढगाळ उजेड, त्यामुळे सावल्या नाहीत. सकाळ आहे की तिन्हीसांज, पत्ता लागत नाही. त्या उजेडात पडका वाडा, ओली भिंत, अंगाला चिकटलेलं धोतर असं एवढंच दिसतं, आणि पुरतं. उत्तरार्धात त्यातला राक्षस, हस्तर, पुरता समोर येतो, तेव्हा मात्र भीती थोडी ओसरते. मला विचाराल तर त्या सिनेमातला पाऊस हस्तरापेक्षा भयंकर आहे.

तो पाऊस पडद्यावर दिसतो, यातही कसब आहे. पावसाचे थेंब कॅमेऱ्यात उमटायला उजेड समोरून, म्हणजे पावसाच्या मागून, यावा लागतो आणि पाठीमागे काळोखी काहीतरी लागतं. आकाशातून सरळ खाली पाहिलं की पाऊस नाहीसा होतो, उरते नुसती हिरवळ. मग ओलाव्याची उणीव भरून काढायला संगणकावर धुकं ओतलं जातं. आवाजाचंही तेच. ड्रोनवर सहसा माइक नसतो, आणि असता तरी पंख्यांची घरघरच ऐकू आली असती. वारा, कोसळणारं पाणी, दूरची बेडकं टिपायची तर कुणीतरी प्लास्टिकखाली रेकॉर्डर धरून तासभर भिजत बसायला हवं. ते कोण करणार? त्यापेक्षा बासरी फुकट मिळते.