'एफवाय' नेमकं कुणाचं?

अमेरिकेतल्या लिस्टेड कंपन्यांचे आर्थिक आकडे तिथली बाजार नियामक संस्था, एसईसी, एका एपीआयमधून फुकट देते. लॉगिन नाही, एपीआय-की नाही. आमच्यासारख्यांची चंगळच! तरीही त्यातल्या एका फील्डच्या नावावर माझा आक्षेप आहे. ते म्हणजे 'एफवाय', आर्थिक वर्ष.

ॲपलचा 2023 चा वार्षिक अहवाल घ्या. त्यात तीन वर्षांची विक्री शेजारी शेजारी आहे. 2023 ची 383.285 अब्ज डॉलर, 2022 ची 394.328 आणि 2021 ची 365.817. एपीआयमध्ये या अहवालातून आलेल्या तिन्ही आकड्यांपुढे एफवाय मात्र एकच: 2023. कारण ते वर्ष आकड्याचं नाहीच, अहवालाचं आहे. पासबुक आज छापून घेतलं म्हणून गेल्या वर्षीची एन्ट्री आजची होत नाही, तसंच हे.

तिमाहीचं फील्ड 'एफपी', त्याचीही तीच गत. दुसऱ्या तिमाहीच्या अहवालात ॲपलची तीन महिन्यांची विक्री (94.836 अब्ज) असते आणि सहा महिन्यांचीही (211.990 अब्ज). दोन्हींवर 'क्यू2', दोन्हींची शेवटची तारीख 1 एप्रिल 2023. फरक फक्त 'स्टार्ट'मध्ये.

आता कुणी एफवायवर फिल्टर लावून वाढीचा दर काढला तर? कोड कुठेही एरर देत नाही. टेबल छान तयार होतं, फक्त चुकीचं. अशा चुका रिव्ह्यूअरलाही दिसत नाहीत.

गंमत म्हणजे एसईसीच्याच झिप फाइलींमध्ये हे फील्ड योग्य जागी आहे. तिथे अहवालांचं टेबल वेगळं, आकड्यांचं वेगळं, आणि एफवाय अहवालांच्या टेबलात. एपीआयमध्ये ते थेट आकड्याशेजारी येऊन बसलं, नाव मात्र तेच राहिलं. 'अहवाल-वर्ष' एवढं नाव दिलं असतं तरी भागलं असतं.

श्रेय द्यायचं तर 'फाइल्ड' या फील्डला. आकडा ज्या अहवालातून आला तो एसईसीकडे कधी दाखल झाला, ते त्यातून समजतं. त्याशिवाय बाजारावरचा अभ्यास म्हणजे निकाल लागल्यावर केलेलं भाकीत.

तेव्हा काळ ठरवायचा तो 'स्टार्ट' आणि 'एंड'वरून, अहवाल कधी दाखल झाला ते 'फाइल्ड'वरून. आणि एफवाय? तो आकडा कुठल्या अहवालातून आला, एवढंच सांगण्यापुरता.