‘क्रूड फायबर’ : एका अपुऱ्या मोजमापाची चिकित्सा

मांसल कोंबड्यांच्या (ब्रॉयलर) आहारातील तंतुमय पदार्थ आणि आतड्यातील जिवाणू यांच्या परस्परसंबंधावर विपुल लेखन झाले आहे. वाढीस चालना देण्यासाठी खाद्यात प्रतिजैविके मिसळण्यावर युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून पूर्ण बंदी घातली. त्यानंतर या विषयाचे महत्त्व अधिकच वाढले. भारतानेही २०१९ मध्ये पशुखाद्यातील कोलिस्टिनच्या वापरास मनाई केली. तथापि, पुष्कळ निबंधांत तंतूंचे प्रमाण केवळ ‘क्रूड फायबर’च्या टक्केवारीत दिलेले असते, ही त्यांतील मूलभूत उणीव होय.

ही मोजमाप-पद्धती जर्मनीतील वेंडे येथे १८६० च्या दशकात विकसित झाली. नमुना क्रमाने सौम्य आम्लात व अल्कलीत उकळल्यावर उरणारा सेंद्रिय अंश म्हणजे क्रूड फायबर. या प्रक्रियेत विद्राव्य तंतू निघून जातात. हेमिसेल्युलोज व लिग्निन यांचाही बराचसा भाग विरघळतो. म्हणजे जिवाणूंना जे सर्वाधिक उपलब्ध असते, नेमके तेच मोजले जात नाही.

परिणामांतील भेद येथेच दडलेला आहे. गहू व बार्ली यांतील विद्राव्य अरॅबिनोझायलॅन आणि बीटा-ग्लुकॅन लहान आतड्यातील द्रव चिकट करतात. पचन मंदावते व क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्ससारख्या उपद्रवी जिवाणूंना पोषक स्थिती निर्माण होते. याउलट ओटची अविद्राव्य टरफले पेषणी बळकट करतात. त्यांचे किण्वन मात्र अल्पच होते. दोहोंना एकाच टक्केवारीत बसविणे शास्त्रीय ठरत नाही.

महाराष्ट्रातील खाद्य प्रामुख्याने मका व सोयाबीन पेंडीचे असते. मक्यात विद्राव्य तंतू कमी असल्याने गव्हावर आधारित युरोपीय निष्कर्ष येथे जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. शिवाय भाताच्या तुसाच्या गादीवर वाढणारे पक्षी ते तूसही टिपतात. या तंतूंची नोंद खाद्याच्या तक्त्यात येत नाही. एका कप्प्यातील पक्ष्यांची गादी व विष्ठा सामाईक असते. म्हणून वीस पक्षी म्हणजे वीस स्वतंत्र निरीक्षणे मानणे चुकीचे आहे. जनुकीय क्रमनिर्धारणातून सामान्यतः जिवाणूंचे सापेक्ष प्रमाण कळते. लॅक्टोबॅसिलसचा वाटा वाढला, तरी त्यांची संख्या वाढलीच असे सिद्ध होत नाही.

प्रतिजैविकांऐवजी कोंडा वापरण्याचा सल्ला कुक्कुटपालकास देण्यापूर्वी विद्राव्य व अविद्राव्य तंतूंचे पृथक् मापन, कप्पानिहाय विश्लेषण आणि गादीची नोंद या किमान अटी संशोधकांनी पाळाव्यात. सल्ला चुकल्यास त्याची किंमत त्या कुक्कुटपालकालाच मोजावी लागते.