तात्पर्य कोणाच्या तोंडी?

धार-देवासच्या मराठी घरांतल्या मुलांच्या कानांवर भोजराजाच्या गोष्टी दोनदा पडतात. घरी आजीकडून मराठीत आणि शाळेत हिंदीत. दोन्हीकडे गोष्ट तात्पर्यावर संपते. ते तात्पर्य कोणी, कोणाला आणि कशासाठी सांगितले, हे विचारायचे मात्र राहून जाते. मध्ययुगीन कथेचा खरा रस नेमका तिथे असतो.

बल्लाळाच्या ‘भोजप्रबंधा’चा आरंभच पाहा. हा संस्कृत ग्रंथ सोळाव्या शतकातला, म्हणजे भोजानंतर सुमारे पाचशे वर्षांनी रचलेला. वृद्ध सिंधुल राज्य धाकट्या भावाच्या, मुंजाच्या हाती देतो आणि पाच वर्षांचा भोज त्याच्या मांडीवर ठेवतो. पुढे ज्योतिषी भोजाला राजयोग सांगतो. मुंजाच्या मनात पाल चुकचुकते आणि पुतण्याला रानात नेऊन मारण्याची आज्ञा तो वत्सराजाला देतो. भोज रक्ताने पानावर श्लोक लिहून काकाकडे पाठवतो. मोठमोठे राजे गेले तेव्हा पृथ्वी मागेच राहिली, हे सांगून पोरगा शेवटी काकाला खात्री देतो, की त्याच्यासोबत मात्र ती नक्की जाईल!

आधीचा भाग उपदेशाचा, शेवट टोमण्याचा. उपदेश मुंजाने पुष्कळ ऐकला असेल. काळजाला भिडतो तो टोमणा. तो अग्निप्रवेशाला निघतो. पण वत्सराजाने भोजाला लपवून खोटे शीर दाखवलेले असते. मग एका कापालिकाकरवी भोज ‘जिवंत’ केला जातो. सत्य सांगणारा श्लोक एक, आणि ते तडीस नेणाऱ्या लबाड्या दोन. बल्लाळ त्यावर भाष्य करीत नाही, हे त्याचे मोठेपण.

इंग्रजीत चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसरने ‘कँटरबरी टेल्स’ लिहिल्या. त्यात पापमुक्तीचे दाखले विकत फिरणारा एक जण आहे. लोभ हे पापाचे मूळ, असे प्रवचन तो करतो आणि आपण ते लोभापायीच करतो, अशी कबुलीही देतो. त्याच्या कथेतले तीन मवाली सोन्याच्या ढिगापायी एकमेकांचा जीव घेतात. (याच घाटाची कथा पाली ‘वेदब्भ जातका’त फार आधी येते.) कथा संपताच तो खोटे पवित्र अवशेष खपवू पाहतो आणि सोबतच्या यात्रेकरूंपुढे उघडा पडतो. तात्पर्य खरे, सांगणारा खोटा. या विसंगतीमुळेच तो माणूस आपल्या लक्षात राहतो.

पात्रांचे ‘सपाट’ आणि ‘गोलाकार’ असे दोन प्रकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ च्या केंब्रिजमधील व्याख्यानांत सांगितले. हेच फॉर्स्टर १९२१ साली देवासच्या थोरल्या पातीचे महाराज तिसरे तुकोजीराव पवार यांचे खाजगी सचिव होते. देवासशी नाते असलेले हे माप धारच्या कथेला लावले, तर ‘भोजप्रबंधा’तला गोलाकार माणूस ठरतो मुंज, तो भितो, क्रूर होतो, पस्तावतो. गादीवर बसल्यावर भोज मात्र सपाट होतो. कवी येतो, श्लोक म्हणतो, राजा लाख देतो. मग दुसरा कवी येतो. टोमणा मारणारा तो पोरगा पुन्हा दिसत नाही. ग्रंथाची ही उणीव भोजभक्तीने झाकू नये.

आणखी एक उपरोध ग्रंथाबाहेरचा आहे. इतिहासात मुंज हा थोरला भाऊ. राज्य आधी त्याचे, त्याच्यानंतर सिंधुराजाचे आणि मग भोजाचे. वाक्पतिराज मुंज स्वतः कवी होता; पद्मगुप्त, धनंजय, हलायुध हे त्याच्या आश्रयाचे. दहाव्या शतकाच्या अखेरीस चालुक्य तैलपाच्या कैदेत त्याचा अंत झाला. राज्यलोभावरची सुंदर कथा रचण्यासाठी परंपरेने एका गुणी राजाला खलनायक केले, आणि सत्तेची नश्वरता शिकवता शिकवता त्याची कीर्ती हिरावून घेतली.

चॉसरचा भोंदू कल्पित होता, त्याला अब्रू नव्हती. मुंजाला होती. म्हणून मुलांना ही गोष्ट जरूर सांगावी, तिच्यातला टोमणा चांगला रंगवून सांगावा. आणि मग धारच्या मुंज तलावाच्या काठी नेऊन त्यांना दुसरी बाजूही सांगावी. भोजाच्या नावाचा डंका तर सगळीकडेच आहे. काकाच्या वाट्याला तेवढे पाणी राहू द्यावे.