सूचिकाराची अधिछात्रवृत्ती आणि आटपाडीची नोंद

शंकर गणेश दाते यांच्या 'मराठी ग्रंथसूची'चा आधार न घेता एकोणिसाव्या शतकातील मराठी ग्रंथव्यवहाराविषयी विधान करणारा अभ्यासक क्वचितच आढळेल. वाङ्मयाचे संशोधक म्हणून दात्यांचे नाव घेणाराही तितकाच विरळा. १८०० ते १९३७ आणि १९३८ ते १९५० अशा दोन कालखंडांतील मुद्रित ग्रंथांची ही नोंद मराठी समीक्षेने सतत वापरली. तिचा विचार मात्र केला नाही. सूची ही समीक्षेच्या आधीची, काहीशी कारकुनी तयारी होय, असा समज त्यामागे आहे. वाङ्मयीन व भाषिक संशोधनाची सूची करणाऱ्यास अधिछात्रवृत्ती द्यावी काय, या प्रश्नाचे उत्तर हा समज कितपत खरा यावर अवलंबून आहे.

तो तपासून पाहण्यास सातारा-सांगलीचा प्रदेश सोयीचा आहे. आटपाडी पूर्वी औंध संस्थानात होते. संस्थाने विलीन झाल्यावर १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा निर्माण झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली असे झाले. बारा-तेरा वर्षांत एकाच गावाचा पत्ता असा बदलत गेला. १९४२ च्या चळवळीतून उभ्या राहिलेल्या 'सातारच्या' प्रतिसरकारचे कुंडल आज सांगली जिल्ह्यात आहे. शिवाय लेखांच्या शीर्षकांत ते कधी 'प्रतिसरकार' म्हणून येते, कधी 'पत्री सरकार' म्हणून. संगणकावर एक शब्द टंकला तर दुसऱ्याखालचे लेखन हाती येत नाही. दोन्हींत 'पाहा' अशी जोडनोंद घालणारा कुणी जाणकार असावा लागतो.

परंतु खरी कसोटी याच्याही पुढे आहे. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) आणि शंकरराव खरातांचे 'तराळ-अंतराळ' (१९८१) ही दोन्ही पुस्तके माणदेशातून आली. पहिल्यावरील लेखन 'ग्रामीण कादंबरी' या शीर्षकाखाली जाते, दुसऱ्यावरील 'दलित आत्मकथन' या शीर्षकाखाली. शीर्षके चुकीची नाहीत. तरीही एकाच दुष्काळी मुलखातला धनगरवाडा आणि महारवाडा सूचीत एकमेकांस भेटत नाहीत. पदव्युत्तर विद्यार्थी सूचीवरून विषय निवडतो आणि सूचीनेच आखलेल्या हद्दीत प्रबंध लिहितो. 'माणदेश' हे शीर्षक उघडावे की नाही, हा निर्णय त्यामुळे समीक्षात्मक ठरतो. तो घेण्यास दोन्ही पुस्तके आणि त्यांवरील वाद वाचलेले असावे लागतात. (दोन्ही शीर्षके ठेवून तिसरे उघडण्यास ग्रंथालयशास्त्राची हरकत नसते, अडचण वाचनाची असते.)

अमेरिकेतील मॉडर्न लँग्वेज असोसिएशनने १९२१ मध्ये वार्षिक वाङ्मयसूची सुरू केली. तिच्यासाठी नोंदी करणाऱ्या अभ्यासकांना तीन वर्षांच्या मुदतीची अधिछात्रवृत्ती मिळते. रक्कम मोठी नाही. महत्त्व आहे ते नोंदी करणारा हा त्या विषयाचा अभ्यासक मानला जातो, याला. आपल्याकडे लेखांची आणि ग्रंथांची मोजदाद होते. त्या रांगेत सूचीला सहसा जागा मिळत नाही. अर्थात ती योजना जशीच्या तशी उचलून चालणार नाही. नियतकालिकांचे अंक टेबलावर येऊन पडतील असे तिथे गृहीत धरता येते. इथे सूचिकाराला अंक शोधत हिंडावे लागते. २०१९ च्या ऑगस्टमधील महापुरात सांगलीच्या नगर वाचनालयात पाणी शिरून ग्रंथ भिजले. ज्या छापील ऐवजाची कुठेच नोंद नाही, तो गेला हेही अशा वेळी सांगता येत नाही.

काम कोठून सुरू करावे, हेही स्पष्ट आहे. दोन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालये १९६२ मध्ये स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेत येतात. एम.फिल. ही पदवी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनी बंद झाली; म्हणजे मराठी विषयातील एम.फिल. प्रबंधिकांचा संच आता वाढणारा नाही आणि तीन वर्षांत तो एका अभ्यासकाच्या आवाक्यात येऊ शकतो. अशा सूचीचे परीक्षण नोंदींच्या संख्येवरून होऊ नये. कोणती शीर्षके का उघडली, कोणती का मिटवली आणि काय वगळले, हे सूचिकाराने प्रस्तावनेत मांडावे आणि परीक्षकांनी वाद घालावा तो त्या प्रस्तावनेशी.