भेटीला आलेले आणि शिकायला गेलेली : अतिया फैजी यांची दोन पुस्तके

माझी भाची शेफिल्डला एम.एस्सी. करत होती. नवरा लंडनला नोकरीला. शनिवारी सकाळच्या गाडीने तो तिच्याकडे येई आणि रविवारी संध्याकाळी परत जाई. त्या वर्षात घरून जेवढे फोन गेले त्यातला पहिला प्रश्न ठरलेला असे : "दामाद येऊन गेले का?" प्रयोगशाळेत काय चाललंय, प्रबंध कुठवर आला, हे कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. मीही विचारलं नव्हतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जी तक्रार मी इतरांबद्दल करणार आहे तिच्यातून मी सुटलेलो नाही.

तक्रार आहे अतिया फैजी यांना आपण कसं वाचतो याबद्दल.

अतियाबेगम आपल्याला परक्या नाहीत. तुर्कस्तानच्या दरबाराशी व्यापार करणाऱ्या हसनअली फैजहैदर यांची ही मुलगी १८७७ मध्ये इस्तंबूलला जन्मली, पण वाढली मुंबईत, तय्यबजी-फैजी या सुलेमानी बोहरा घराण्यांच्या गोतावळ्यात. थोरली बहीण नाझली जंजिऱ्याच्या नवाबांची, सिद्दी अहमदखानांची बेगम. त्यामुळे मुरूड-जंजिरा हे अतियाबेगमचं जवळजवळ दुसरं माहेर. कोकणातल्या आपल्या लोकांनी हे नाव आपल्या हिशेबात धरायला हरकत नाही. पण कुठल्याही सुशिक्षित मित्राला विचारा, उत्तर एकच येतं : "त्या इक्बालच्या." जास्त वाचलेला असेल तर म्हणेल, "इक्बालच्या आणि शिब्लींच्या." स्वतःच्या म्हणून त्या कुणाच्या आठवणीत नाहीत.

हे असं का झालं, ते त्यांच्याच दोन पुस्तकांमधल्या फरकात दिसतं.

पहिलं पुस्तक 'जमाना-ए-तहसील', म्हणजे शिकण्याचे दिवस. १९०६ साली सरकारी शिष्यवृत्तीवर अतियाबेगम लंडनच्या मारिया ग्रे ट्रेनिंग कॉलेजमध्ये शिक्षिकेचं शिक्षण घ्यायला गेल्या. तिथून बहिणींना रोजनिशीचे कागद पाठवत. झहरा या बहिणीने ते लाहोरच्या 'तहजीब-ए-निस्वाँ' या स्त्रियांच्या उर्दू साप्ताहिकासाठी सिद्ध केले. पुस्तक निघालं फार उशिरा, १९२१ मध्ये, आग्र्याहून. दुसरं पुस्तक इंग्रजीत, नाव नुसतं 'इक्बाल', मुंबईत १९४७ च्या सुरुवातीला छापलेलं. दोन्हींत काळ तोच, १९०६-०७ चा. शहरं बरीचशी तीच, माणसंही पुष्कळ तीच. पण लिहिणारी बाई एक आहे असं वाटत नाही.

रोजनिशीतल्या अतियाबेगम विद्यार्थिनी आहेत. वर्ग, व्याख्यानं, शिक्षिका, बागा, हिंदुस्तानातून आलेली बडी मंडळी, चहापान, थकवा. काही पानं कंटाळवाणी आहेत, हे कबूल केलं पाहिजे. एकाच दिवसात पाच घरी जाऊन आलेल्या माणसाची यादी वाचण्यात रस किती राहणार? पण मधेच एखादी जागा अशी येते की, तीस वर्षांची एक मुसलमान बाई परक्या देशात वर्गात बसून इतरांबरोबर काही शिकते आहे याचा ताण आपल्याला जाणवतो. शिवाय हे लिहिताना आपल्या मागे लाहोर-लखनौच्या पडद्यातल्या शेकडो वाचक बायका उभ्या आहेत, हे तिला ठाऊक आहे. त्यामुळे ती जपून लिहिते. काय गाळलं असेल याचा अंदाज करता येतो, पुरावा देता येत नाही. आणि इक्बाल? ते येतात, एका विद्वान पाहुण्यासारखे येतात आणि जातात. त्यांच्यासाठी म्हणून ही रोजनिशी कुणी उघडली तर त्याची निराशा होईल.

१९४७ च्या पुस्तकात नेमकं उलटं. तिथे १ एप्रिल १९०७ या तारखेला मिस बेक यांच्याकडे इक्बाल भेटतात आणि तिथूनच गोष्ट सुरू होते. मग लंडनमधलं जेवण. मग २२ एप्रिलला इक्बाल आणि शेख अब्दुल कादिर यांच्यासोबत केंब्रिजला सय्यद अली बिलग्रामी यांच्या घरी. एका दिवसाची भेट. इक्बाल तेव्हा ट्रिनिटी कॉलेजात. या भेटीवर उर्दूत किती शाई सांडली आहे! एकाला तिथे प्रेमाचा आरंभ दिसतो, दुसऱ्याला त्याचा स्पष्ट अभाव. दोघेही पाहतात इक्बालकडेच. ट्रेनिंग कॉलेजातून एका दिवसासाठी बाहेर पडून विद्यापीठाच्या गावी गेलेल्या विद्यार्थिनीला तो दिवस कसा वाटला असेल, हा प्रश्न कुणाला पडला नाही. केंब्रिज त्या काळी स्त्रियांना वर्गात बसू देई, परीक्षा देऊ देई आणि पदवी मात्र देत नसे. ती पूर्ण मिळायला १९४८ उजाडलं. म्हणजे पाहुणी होऊन गेलेली ही बाई तिथे शिकून उत्तीर्ण झाली असती तरी पाहुणीच राहिली असती. या एका तपशिलावर मी इक्बालच्या दहा चुटक्यांवरून पाणी सोडीन.

दोष अर्थात वाचकांचाच नाही. १९४७ चं पुस्तक लिहिताना अतियाबेगमनी स्वतःच आपलं कॉलेज बाजूला सारलं आहे. आपण शिकायला गेलो होतो ही गोष्ट तिथे पार्श्वभूमीला गेली आहे. समोर आहे तो इक्बाल यांचा हजरजबाबीपणा, त्यांची विद्वत्ता, त्यांची मैफल. इक्बाल १९३८ मध्ये गेले होते. १९४७ मध्ये ते नाव एका राष्ट्राच्या जन्माशी जोडलं जात होतं. अशा वेळी सत्तरीला टेकलेल्या बाईने "मी त्यांना आधी पाहिलं होतं" असं म्हणावं, यात माणसासारखी एक इच्छा आहे. पण साहित्य म्हणून पाहिलं तर तिने जे गमावलं ते मोठं आहे. साक्षीदार होण्यासाठी तिने नायिकापण सोडलं.

हायडेलबर्गचं प्रकरण या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखं आहे. ऑगस्ट १९०७ मध्ये अतियाबेगम काही मंडळींसह जर्मनीला गेल्या. इक्बाल तिथे म्युनिकच्या डॉक्टरेटच्या तयारीत जर्मन शिकत होते. शिकवणाऱ्या तरुण बायकांमध्ये एमा वेगेनास्ट होती. तिला इक्बालनी पुढे लिहिलेली पत्रं आज छापून उपलब्ध आहेत आणि त्यांतला ओलावा लपत नाही. नेकर नदी, सहली, गाणी, होड्या, असं सगळं प्रसन्न वर्णन आहे. आणि मधेच तो प्रसिद्ध प्रसंग : इक्बाल पुस्तकापुढे रात्रभर समाधी लागल्यासारखे बसून आहेत, घरातली मंडळी घाबरली आहेत आणि अतियाबेगम त्यांना हलवून भानावर आणतात.

खरं सांगायचं तर हा प्रसंग जसाच्या तसा माझ्या गळी उतरत नाही. चाळीस वर्षांनी सांगितलेला आहे आणि अवलिया कवीच्या ठरलेल्या साच्यात फारच नीट बसतो. पण मला त्यातली एक गोष्ट खरी वाटते. संपूर्ण पुस्तकात अतियाबेगमनी स्वतःच्या हाताने काही केलेलं ठळकपणे दिसतं ते इथे. बाकी ठिकाणी त्या पाहतात, ऐकतात, हसतात. इथे त्या खांदा धरून हलवतात. आठवणीने हा प्रसंग रचला असेल तर तो कशासाठी रचला, ते यावरून कळतं.

पत्रांचंही तसंच. त्या पुस्तकात इक्बाल यांची अतियाबेगमना आलेली पत्रं आहेत. एप्रिल १९०९ चं पत्र, ज्यात त्यांनी आपल्या पहिल्या लग्नातली घुसमट उघडी केली, ते सगळ्यांना माहीत आहे. अतियाबेगमची उत्तरं तिथे नाहीत. एका बाजूच्या पत्रांवरून आपण दोन माणसांचं नातं ठरवत आलो. मौलाना शिब्लींच्या पत्रांचं तेच झालं. मौलाना १९१४ मध्ये गेले, अतिया-झहरा यांना लिहिलेली त्यांची पत्रं १९२६ मध्ये पुस्तकरूपाने आली आणि लोकांनी मौलानांच्या मनाचा शोध घेतला. ज्या दोन बहिणींना उद्देशून ती होती त्या नुसत्या पत्त्यापुरत्या उरल्या.

मराठीत आपल्याला याचा जुना अनुभव आहे. आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला, ११ मार्च १८८६ रोजी, फिलाडेल्फियाला गोपाळराव हजर होते. श्री. ज. जोशींनी १९६८ मध्ये कादंबरी लिहिली तेव्हा नावच 'आनंदी गोपाळ' झालं. कादंबरी म्हणून ती ताकदीची आहे, वाद नाही. पण वाचून संपल्यावर मनात ठसतात ते गोपाळराव, त्यांचा संताप, त्यांचा हट्ट. मेडिकल कॉलेजातली ती मुलगी शवविच्छेदनाच्या टेबलापाशी काय विचार करत होती, ते त्या मानाने पुसट राहतं. तिथे निदान नवरा तरी होता. अतियाबेगमच्या बाबतीत तेही नाही. इक्बाल त्यांचे कुणी नव्हते, स्नेही होते. तरी पारडं झुकलं ते तिकडेच.

म्हणून माझं मत असं की, आपल्या वाचकांपुढे अतियाबेगम आणायच्या असतील तर 'इक्बाल' या पुस्तकापासून सुरुवात करू नये. आधी रोजनिशी वाचावी, तिच्या कंटाळवाण्या पानांसकट. सिओभान लॅम्बर्ट-हर्ली आणि सुनील शर्मा यांनी २०१० मध्ये तिचा इंग्रजी अनुवाद अभ्यासपूर्ण टिपांसह काढला, त्यामुळे उर्दू न येणाऱ्यालाही वाट मोकळी आहे. त्यात शेवट गोड नाही. तब्येत ढासळली आणि १९०७ च्या सप्टेंबरात अभ्यासक्रम पुरा न करताच अतियाबेगम परतल्या. हे अपुरेपण त्यांच्या चरित्रातलं खरं दुःख असावं असं मला वाटतं. केंब्रिजचा दिवस आणि हायडेलबर्गच्या सहली यांच्या गलक्यात ते कुणाला ऐकूच आलं नाही.

आणखी एक माणूस या गलक्यात हरवला. १९१२ मध्ये अतियाबेगमनी सॅम्युएल रहमीन या चित्रकाराशी निकाह केला. ते पुण्याच्या बेने इस्राईल समाजातले. लग्नासाठी त्यांनी इस्लाम स्वीकारला आणि बायकोचं आडनाव आपल्या नावाला जोडून फैजी-रहमीन झाले. १९१४ मध्ये अतियाबेगमचं हिंदुस्तानी संगीतावरचं इंग्रजी पुस्तक लंडनहून निघालं, त्यातली चित्रं त्यांची. फाळणीनंतर दोघं कराचीला गेले. तिथले अखेरचे दिवस हालाखीचे गेले, तेही त्यांनी बरोबर काढले. ते वारले १९६४ मध्ये, अतियाबेगम १९६७ मध्ये. इक्बाल आणि अतिया या विषयावरच्या लेखांत या गृहस्थांना बहुधा एक ओळ मिळते, तीही शेवटच्या परिच्छेदात.